सोन्याचा नारळ आणि बिशप

नारळाला शेंडी नव्हती, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

विवेकने तो डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या सुपरमार्केटातून आणला होता. चांगला तासून गुळगुळीत केलेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, वर बारकोड चिकटवलेला. त्याच्या आईने, विजयालक्ष्मीबाईंनी, तो उलटासुलटा करून पाहिला आणि तान्ह्या मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा त्याच्यावरून हात फिरवला.

"हा असा बोडका नारळ मी वरुणदेवाला देऊ? मला वर गेल्यावर तोंड दाखवायचंय त्याला."

"आई, नारळ तो नारळ. आत खोबरंच आहे ना?"

"तुझ्या डोक्याच्या आत काय आहे ते मी कधी विचारते का?"

विजयालक्ष्मीबाई रत्नागिरीच्या. २०२०च्या फेब्रुवारीत त्या लेकाकडे तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि मग विमानंच बंद पडली. आता इथला दुसरा ऑगस्ट चालू होता. दीड वर्षात त्यांनी थंडी पचवली, उकडलेले बटाटे पचवले, पण नारळी पौर्णिमेला बिनशेंडीचा नारळ त्यांना पचेना. त्यांनी कपाटातून एक कोरा मॉप काढला, त्याचे दोरे कापले आणि नारळाच्या डोक्यावर अशी घसघशीत शेंडी बांधली की तो नारळ एखाद्या संस्कृत पाठशाळेत शिकवायला निघाल्यासारखा दिसू लागला. मग ईस्टरच्या चॉकलेटच्या अंड्याचा सोनेरी कागद, जो त्यांनी एप्रिलपासून जपून ठेवला होता, तो त्याच्याभोवती गुंडाळला. नारळी पौर्णिमेला नारळ सोन्याचा लागतो.

"आजी, दॅट्स मेंटल," नऊ वर्षांची श्रावणी कौतुकाने म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तरं डब्लिनहून यायची.

चित्रा यात पडली नाही. ती या घराची सून, औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत कामाला. गोळी किती महिन्यांनी बिघडते हे पाहणं हे तिचं काम, त्यामुळे तिला घाई नसायची आणि मत द्यायची हौसही नव्हती. तिला एवढंच ठाऊक होतं की नारळी पौर्णिमा म्हणजे राखी पौर्णिमा, आणि या वर्षी राखी सारंगच्या हातावर आपल्या हाताने बांधायची.

सारंग तिचा धाकटा भाऊ. पोर्टलीशच्या रुग्णालयात एक्स-रे विभागात होता. मागच्या राखीला तो विलगीकरणात एका खोलीत एकटा होता. राखी पोस्टाने गेली होती आणि फोनच्या पडद्यासमोर त्याने ती डाव्या हाताने आणि दातांनी कशीबशी बांधली. गाठ सुटली, पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. तो खूप हसला आणि मग एकदम कॅमेरा बंद करून म्हणाला, "नेट गेलं गं ताई." नेट गेलं नव्हतं, हे चित्राला तेव्हाच कळलं होतं.

तेव्हा या वर्षी नियम पक्के. राखी हातावर, प्रत्यक्ष, आणि लहानपणी साताऱ्याला पाळत होते तसं, राखी बांधेपर्यंत पोटात काही नाही. चहासुद्धा नाही. तिच्या आईने साताऱ्याहून पंचांग पाहून कळवलं होतं की पौर्णिमा तिकडे संध्याकाळी साडेपाचला संपते. म्हणजे इथे दुपारी एकला. चित्राचा तिथीवर फार विश्वास होता अशातला भाग नाही. पण प्रयोगाच्या अटी एकदा ठरल्या की मध्येच बदलायच्या नाहीत, ही तिची सवय होती.

आता हे सगळं डब्लिनहून गाडीने पोर्टलीशला जाऊन तासाभरात उरकलं असतं. पण विवेकने बोट घेतली होती.

परदेशी जायचं नाही, ऑफिस घरात, घर ऑफिसात; वैतागून त्याने शनिवार-रविवारसाठी ग्रँड कॅनाल या कालव्यावर ब्रिजेट नावाची हिरवी, लांबलचक बोट भाड्याने घेतली. कॅप्टनची टोपी मागवली. आठवडाभर व्हिडिओ पाहिले. सारंगने पुढच्या गावच्या धक्क्यावर यायचं, आपण रविवारी सकाळी तिथे पोचायचं, असं ठरवून टाकलं.

"दाजी, मीच येतो ना तुम्ही असाल तिथे," सारंग फोनवर म्हणाला होता.

"अजिबात नाही. बहीण भावाकडे जाते. आणि तुझी बहीण जलमार्गे येते!"

रविवारी सकाळी विजयालक्ष्मीबाईंनी बोटीच्या मागच्या टोकाला उभं राहून हळदकुंकू वाहिलं, नारळ दोन्ही हातांनी पाण्यात सोडला आणि डोळे मिटून समुद्राला म्हणायचं ते सगळं कालव्याला म्हटलं. कालव्याचं पाणी चहासारखं तपकिरी आणि तितकंच स्तब्ध होतं. नारळ डुबकी मारून वर आला आणि तिथेच, बोटीला खेटून, सोनेरी डोकं वर काढून थांबला.

"जा बाबा," त्या म्हणाल्या. तो गेला नाही. बोटच निघाली.

कालव्यावरची बोट किती हळू चालते हे बसल्याशिवाय कळत नाही. काठावरच्या पायवाटेने एक आजी कुत्र्याला घेऊन आल्या, बोटीला मागे टाकून गेल्या आणि परत येताना पुन्हा भेटल्या. एक गाय कुंपणापलीकडून बरोबरीने चालत होती. तिने मध्ये दोनदा थांबून चरून घेतलं तरी ती पुढेच. विवेक टोपी सावरत "स्टारबोर्ड!" असं ओरडायचा आणि सुकाणूवर बसलेली चित्रा जिकडे वळण असेल तिकडे वळवायची.

सव्वाअकराला सारंगचा फोन आला. त्याच्या तोंडात काहीतरी होतं.

"काय खातोयस?"

"ब्रेकफास्ट रोल. पेट्रोल पंपावरचा. ताई, गरमगरम आहे, वर लोणी वितळतंय..."

"सारंग."

"तू अजून काही नाही खाल्लंस? अगं, मला कुठे उपास आहे! उपास तुझा. मी धक्क्यावर आहे. तुम्ही कुठे?"

चित्राने पाहिलं. "गाईच्या मागे."

आतून वास आला. बोटीच्या इवल्याशा शेगडीवर विजयालक्ष्मीबाईंनी नारळीभात केला होता. तूप, लवंग, वेलची, गुळाच्या पाकात मुरणारं ओलं खोबरं. बोटीला खिडक्या बऱ्याच होत्या आणि प्रत्येक खिडकीतून तो वास वेगवेगळा येऊन चित्राला भेटत होता. श्रावणीने दोन वाट्या खाल्ल्या. विवेकने उभ्या उभ्या खाल्ला आणि बोटं चाटली.

"चित्रा, तुझा पातेल्यात झाकून ठेवलाय हो," सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, मागे वळल्या आणि थबकल्या. "अगं बाई! नारळ मागे येतोय."

"आई, भास आहे तो," विवेक म्हणाला.

"मला भास होतात? सोन्यासारखा लखलखतोय. चित्रा, तू सांग."

चित्राने मागे पाहिलं नाही. "आई, कालव्याला प्रवाह नसतो. वाराही समोरून आहे. नारळ मागून येण्याचं काही कारणच नाही."

हे सगळं बरोबर होतं. तिने फक्त शेंडी हिशेबात धरली नव्हती. मॉपच्या दोऱ्यांची ती घसघशीत शेंडी बोटीच्या मागच्या बाजूला टांगलेल्या दोरखंडाच्या गुंडाळीत सकाळीच अडकली होती, आणि वरुणाला दिलेला नारळ मालकामागून जाणाऱ्या शेळीसारखा मुकाट्याने ओढला जात होता.

"येतोय तर येऊ दे," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. "शुभ असतं."

बारानंतर लॉक आलं. लॉक म्हणजे कालव्याचा जिना. दगडी भिंतींचा एक खोल हौद, त्याला खालच्या पातळीवर एक दरवाजांची जोडी, वरच्या पातळीवर दुसरी. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, वरचं पाणी आत सोडायचं. हौद भरतो, बोट वर उचलली जाते, पुढचे दरवाजे उघडायचे आणि चालू पडायचं. अडीचशे वर्षांहून जुनी युक्ती, आणि तिच्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काहीच नाही.

विवेक आणि श्रावणी आधीच काठावर उतरून वर गेले. चित्राने बोट अलगद हौदात घेतली. दोन्ही बाजूंना उंच, ओल्या, शेवाळलेल्या भिंती आणि वर आकाशाची एक पट्टी. दरवाजांपाशी भिंतीत एक लोखंडी शिडी होती, तिच्यावरही शेवाळ.

"ही विहीर आहे," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी चित्राच्या साडीचा पदर मुठीत धरला. "मला एकटीला इथे टाकून कुठे जाऊ नकोस हं."

वर विवेकने एका दरवाजाच्या लाकडी तुळईला पाठ लावली. दुसऱ्या तुळईवर एक म्हातारबुवा कोपर टेकून उभे होते, अंगात लोकरीचा स्वेटर, पायाशी झोपलेलं कुत्रं. त्यांचं नाव डेक्लन. त्यांनी दोन मीटरचं अंतर राखून मदत देऊ केली आणि दोघांनी जोर लावला. दरवाजे एकमेकांकडे आले, आले, आणि ओंजळभर फट ठेवून थांबले.

"आणखी जोर!" विवेक ओरडला.

"यू आर ग्रँड," डेक्लन म्हणाले, म्हणजे अगदी छान चाललंय. दरवाजे जागचे हलले नाहीत.

चित्राने मागे वळून पाहिलं. दोन दरवाजांच्या बरोबर मध्ये, अडकित्त्यात सुपारी धरावी तसा, सोनेरी नारळ चिमटला होता. शेंडी दोरखंडातून सुटून पाण्यावर पसरली होती.

"मी काय म्हणत होते!" सासूबाई म्हणाल्या.

"आई," चित्रा म्हणाली, "चुकलं माझं."

"विवेक, ऐकलंस का? लिहून ठेव."

विवेकने दरवाजा थोडा मागे ओढला. नारळ सुटला, गोल फिरला. आता त्याला आकडीच्या काठीने बाहेर ढकलायचं, की झालं. पण विवेक काठी घेऊन वाकतो न वाकतो तोच बाहेरच्या बाजूने एक राजहंस आला. तो साधा आला नाही; पंख अर्धे उभारून, मान मागे खेचून, पाणी कापत आला. त्याने सोनेरी वस्तूकडे एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या डोळ्याने पाहिलं आणि ती आपली आहे असं ठरवलं. चोचीने तिला हळूच पुन्हा त्या फटीत ढकललं आणि तो तिच्याजवळ पहारा देऊ लागला.

"हा बिशप," डेक्लन म्हणाले. "आम्ही त्याला बिशप म्हणतो. कुणाचंच ऐकत नाही."

विवेकने काठी पुढे केली. बिशपने ती चावली.

"विवेक!" खालून सासूबाई कडाडल्या. "हंस आहे तो! सरस्वतीचं वाहन! काठी उगारशील तर याद राख!" त्यांनी पदर एका हातात ठेवून दुसऱ्या हाताने हंसाला नमस्कार केला.

"डॅड, ते इललीगल पण आहे," श्रावणीने वरून सांगितलं.

देव आणि कायदा दोन्ही हंसाच्या बाजूचे. विवेकने टोपी काढून डोकं खाजवलं. घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. चित्राने फोन काढला.

"सारंग, ये. जिथे आहेस तिथून गाडी काढ. अलीकडचं लॉक."

"दाजी नको म्हणाले ना..."

"दाजींना आता हंस बघतोय."

सारंगने पुलापाशी गाडी लावली आणि पायवाटेने धावत आला. सहा फूट उंच, निळा कुर्ता, कपाळावर घाम. हौदाच्या काठाशी येऊन त्याने खाली पाहिलं. खाली, दोन पुरुष खोलीवर, त्याची बहीण मोरपंखी साडीत उभी होती, हातात निरांजनाचं ताट आणि पदराला लोंबकळणारी सासू.

"ताई!"

"शिडीने खाली ये. लवकर."

सारंग शिडीपाशी गेला. शिडीच्या पायथ्याशी, दरवाजांच्या फटीतून मान आत काढून, बिशप होता. त्याने मान वर करून फुत्कार टाकला. सारंग दोन पावलं मागे सरला आणि डेक्लनच्या कुत्र्यावर पडता पडता वाचला. साताऱ्याला मामाच्या परसातल्या एका कोंबड्याने तो पाच वर्षांचा असताना त्याचा पाठलाग केला होता. तेव्हापासून पिसं असलेल्या कुठल्याच प्राण्याशी त्याचं जमत नसे.

"ताई, तो माझ्याकडे बघतोय."

"पक्षी आहे तो, सारंग."

"पक्षीच तर बघतात! तूच ये ना वर."

चित्राने शिडीकडे पाहिलं. साडी, शेवाळ, हंस आणि पदर. चारांपैकी दोन अडचणी असत्या तर तिने प्रयत्न केला असता.

"मी काठीला राखी बांधून वर देऊ का?" विवेकने विचारलं.

"नाही," चित्रा म्हणाली, इतकी ठामपणे की विवेकने काठी खाली ठेवली. सारंगने पुन्हा दातांनी गाठ मारायची? मग एवढं कशासाठी केलं?

भुकेने डोकं हलकं झालं होतं आणि हलक्या डोक्यात गोष्टी ओळीने लागत होत्या. सारंग खाली येणार नाही. आपण वर जाऊ शकत नाही. पण पाणी वर नेऊ शकतं. पाणी यायला दरवाजे लागले पाहिजेत. दरवाजे लागायला नारळ निघाला पाहिजे. नारळ निघायला हंस हलला पाहिजे. आणि हंसाला, एवढ्या सकाळपासून पोहणाऱ्या जिवाला, काय हवं असेल?

तिने आत पातेल्याकडे पाहिलं. झाकण ठेवलेलं. तिच्या वाटणीचं.

"आई," ती म्हणाली, "हंसाला नैवेद्य चालतो का?"

सासूबाईंचे डोळे चमकले. त्यांनी पदर सोडला.

नारळीभाताचा पहिला घास पाण्यात पडला तेव्हा बिशपने मान वळवली. दुसरा घास त्याने चाखला. तिसऱ्या घासाला तो नारळाला विसरून हौदात शिरला. सासूबाई बोटीच्या कडेवर बसून, लाडक्या जावयाला वाढावं तशा, मूठ मूठ टाकत होत्या. "घे रे राजा. तूप पडलंय त्यात. आणखी घे. एवढंसं काय खातोस?"

चित्राने बादली दोराला बांधून मागच्या टोकावरून पाण्यात सोडली आणि नारळ शेंडीसकट उचलून घेतला.

"लावा!"

विवेकने आणि डेक्लनने तुळया रेटल्या. दरवाजे एकमेकांना टेकले. श्रावणी दरवाजांवरच्या फळीवरून पलीकडे धावली आणि विवेक मागोमाग वरच्या झडपांकडे पळाला. त्याने पान्याने झडप उचलली, पाणी घुसळत आत आलं आणि ब्रिजेट डुलली.

बोट वर चढू लागली. बरोबर बिशपही. त्याला आपण उचलले जातोय याचं काही वाटलं नाही. भात येत होता तोवर त्याची तक्रार नव्हती.

"एक वाजायला पाच मिनिटं!" सारंग काठावर पालथा पडून हात खाली सोडत म्हणाला. "दाजी, आणखी उघडा ना!"

"जास्त उघडली तर बोट आपटते. व्हिडिओत सांगितलंय!" विवेक म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा व्हिडिओतली गोष्ट खरोखर उपयोगी पडली होती, आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

शेवाळाची रेघ बुडाली. शिडीची एकेक पायरी बुडाली. चित्राने निरांजन लावलं, वाऱ्याने विझलं, पुन्हा लावलं. सारंगची बोटं आधी ढगात असल्यासारखी दूर होती, मग दिव्याच्या खांबाइतकी, मग फडताळातल्या वरच्या फळीइतकी. ती टाचा उंचावून उभी राहिली. सारंगने खांदा आणखी खाली सोडला. डेक्लनने, दोन मीटरचं अंतर विसरून, त्याचे पाय धरले.

मनगट हाताशी आलं. चित्राने राखी बांधली, दुहेरी गाठ मारली आणि ओढून पाहिली. सुटली नाही. मग तिने तसंच उलट्या डोक्याच्या भावाला कुंकू लावलं, जे त्यामुळे त्याच्या नाकाकडे उतरण्याऐवजी केसांकडे गेलं.

"या वेळी नेट बरंय," सारंग म्हणाला.

"हो," चित्रा म्हणाली. तिने मनगट लगेच सोडलं नाही.

बोट काठाच्या बरोबरीला आली. सारंग उठून आत आला, बिशपपासून बोटीची सगळी रुंदी राखून. चित्राने आत जाऊन पातेल्याचं झाकण उचललं. पातेलं घासल्यासारखं स्वच्छ होतं.

"अगं, तो मागत राहिला," सासूबाई म्हणाल्या. "नाही कसं म्हणायचं?"

"पेढे आहेत!" सारंग म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. "गाडीत. पुलापाशी."

"रोल उरलाय का?"

"ताई... त्यात सॉसेज होतं. आणि उरलाही नाहीये."

चित्राची नजर फिरत फिरत बादलीवर आली. बादलीत नारळ होता, सोनेरी, ओला, शेंडी बाजूला टाकून. तिने सासूबाईंकडे पाहिलं. वरुणाला दिलेली वस्तू, विचारल्याशिवाय कसं?

विजयालक्ष्मीबाईंनी क्षणभर विचार केला. "आपण दिला. त्याने दोन तास मागे मागे येऊन परत दिला. म्हणजे तो आता प्रसाद झाला. फोड."

"पण बाहेर नको," श्रावणी घाईने म्हणाली. ती आता बिशपकडे पाहत होती. "ही थिंक्स इट्स अ बेबी."

म्हणून पडदे लावले. विवेकने लॉकचा जड लोखंडी पाना दिला, चित्राने सोनेरी कागद सोलला, शेंडी बाजूला ठेवली आणि टॉवेलमध्ये गुंडाळून, आवाज न करता, नारळ फोडला. पाणी गोड होतं. खोबऱ्याचा पहिला तुकडा तिने डोळे मिटून चावला आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. सारंगने मनगट वर धरून राखी पुन्हा पाहिली. काठावरून डेक्लनचा आवाज आला की सगळं ग्रँड आहे ना?

तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली. पडद्यामागे एक लांब मान, एक चोच. पुन्हा टकटक.

सारंग टेबलाखाली गेला.

"सूनबाई," विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या, "एक तुकडा त्यालाही काढ. राखण त्याने केली आहे."